वर बघणाऱ्या बायका

बदलापूर, ११ फेब्रुवारी २०२५

धम्मदीप,

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, म्हणून कागदावर लिहिते आहे. हैदराबादचा पत्ता मावशींनी, तुझ्या आईनेच, दिला. मला कशाला हवा म्हणून त्यांनी विचारलंही नाही. ‘तिकडं भातच भात देतात म्हनतो,’ एवढंच बोलल्या.

बातमी चांगली नाही, आणि ती तुला माझ्याकडूनच कळावी असं वाटलं. कंपनी ‘लोहपंख’ सिनेमाचं एडिट तुझ्या हातून काढून घेते आहे. तू तिकडे ग्राफिक्सवाल्यांबरोबर बसलायस, आणि इकडे गोरेगावात तुझा कट बघून लोकांचे चेहरे पडलेत. सिनेमा लांब झालाय म्हणतात. मधे मधे झोपतो म्हणतात.

मला हे कळलं कारण काल त्यांचा प्रज्वल नावाचा माणूस उल्हासनगरला दिपेशच्या स्टुडिओत आला होता. तू गेल्यापासून मी दिपेशकडे आहे. कॅम्प तीनमध्ये त्याचा लग्नाच्या फिल्मांचा धंदा आहे, जास्त करून सिंधी लग्नं. ‘मॅडम, इसमें थोडा रोना चाहिए, पण जास्ती नको, शादी आहे,’ असं तो सांगतो आणि मी तेवढंच रडणं ठेवते. वाईट चाललेलं नाही. चाललंय.

प्रज्वल चपला बाहेर काढून आत आला. थकलेला माणूस वाटला, वाईट नाही. म्हणाला, ‘सरांचे दोन्ही सिनेमे तुम्ही कापलेत. हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही.’

‘काय काढायचंय?’ मी विचारलं.

‘सरांनाच,’ तो म्हणाला. म्हणताना हसला नाही.

तू म्हणशील, हिला बरं वाटलं असेल. तुमच्या घरी त्या दुपारी मी म्हणाले होतेच की हे लोक तुझं नाव घेतील आणि तुला बाहेर ठेवतील. म्हणाले होते की ज्याने ‘भोंग्यानंतर’ केला त्याने कॉमिकमधल्या उडत्या माणसाचा सिनेमा करायचा नसतो, त्यासाठी दुसरे पुष्कळ आहेत. तू चहाचा कप खाली ठेवलास. ‘तेजल, आपल्या सिनेमात माझी माणसं अजून किती वेळा मरायची?’ म्हणालास. ‘नाल्याकाठी एक जण मरतो आणि परदेशात लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. आमच्या वस्तीतला पोरगा उडताना मी एकदाही पाहिलेला नाही.’ मी म्हटलं, उडणं खोटं असतं. तू म्हणालास, ‘तुला खोटं वाटतं कारण तुला कधी गरज पडली नाही.’

त्या दुपारनंतर तू माझा फोन उचलला नाहीस.

प्रज्वलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला काय वाटतं ते कळव. बोलायचं नसेल तर मावशींपाशी निरोप ठेव.

तेजल


बदलापूर, २ मार्च २०२५

धम्मदीप,

उत्तर दिलेलं नाही असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. प्रज्वल जिना उतरायच्या आत मी हो म्हटलं होतं. का म्हटलं ते नीट सांगता येत नाही. दुसऱ्या कोणी तुझ्यावर कात्री चालवावी हे सहन झालं नसतं, हे एक. आणि तू काय शूट केलंयस ते मला बघायचं होतं. यातलं कुठलं आधी होतं, माहीत नाही.

कंपनीने सही घेतली आहे. फोनवर, मेलवर यातलं काहीही कोणाशी बोलायचं नाही. पत्रांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

रोज सकाळी कात्रपच्या नाक्यावर गाडी येते आणि गोरेगावला सोडते. तिथल्या एडिटच्या खोलीत खिडकी नाही. पहिले काही दिवस मी काहीच कापलं नाही, नुसतं बघत बसले.

आधी जे आवडलं नाही ते सांगते. नळाचा सीन. उडणाऱ्या पोराची आई हंडा घेऊन रांगेत उभी आहे, कॅमेरा हलत नाही, कोणी बोलत नाही, आणि आपण बघतोय, बघतोय. मग नाल्यावरचा फेस. मग भिंत. मग केमिकल कंपनीची चिमणी, तीही तशीच. प्रज्वल माझ्या मागे उभा होता. ‘हे सरांचं स्पेशल आहे ना?’ त्याने आदबीने विचारलं. मी हो म्हटलं आणि मला शरम वाटली.

कारण ते तुझं नाही, धम्मदीप. तुझ्यासारखं आहे. ‘भोंग्यानंतर’मध्ये आपण मोरिवलीच्या वस्तीत खऱ्या नळापाशी थांबलो होतो तेव्हा पाणी येणार की नाही हे आपल्यालाही माहीत नव्हतं. तू कॅमेरा बंद करेनास, बायका वैतागल्या, आणि पाणी आलंच नाही. म्हणून तो सीन तसा झाला. इथे नळ सेटवर बांधलेला आहे. पाणी कधी सोडायचं हे तू ठरवलंयस. मग मी कसली वाट बघायची?

आणि मग ते उडणं लागलं.

मला वाटलं होतं, धुरळा, काचा, कर्कश आवाज, नेहमीचं काहीतरी असेल. पोरगा भर दुपारी पत्र्यावर चढतो आणि वर जातो. पण कसा जातो! पहिल्यांदा शिडी चढणाऱ्यासारखा, हातांनी हवेत कठडा शोधत. पायातली एक चप्पल पडते. खाली भांडी घासणाऱ्या बायका एकेक करून मान वर करतात. एकीने डोळ्यांवर हात धरलाय. एकीच्या हातातून राखेचा चोथा गळतो. कोणी ओरडत नाही. आणि त्यांत एक म्हातारी आहे, ती बघता बघता हसायला लागते आणि तोंडाला पदर लावते.

त्या मावशी आहेत हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. मी परत मागे नेलं, परत बघितलं. तू इतका मोकळा कधी नव्हतास. त्या सीनमध्ये तू कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाहीयेस.

मग त्या नळाची गरज तुला का पडली, याचा विचार मी गाडीत बदलापूर येईपर्यंत करत होते. आणि मला वाटतं ते तू माझ्यासाठी ठेवलंस. मी थिएटरात बसेन आणि म्हणेन, नाही, हा बदलला नाही, बघा नळ आहे.

मी तो सीन काढणार आहे. चिमणीही.

तेजल


अंबरनाथ, १६ मार्च २०२५

धम्मदीप,

तुमच्याच घरात बसून लिहिते आहे. मावशी भाकऱ्या करतायत. जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

तुझा निरोप त्यांनी दिला, जसाच्या तसा. ‘नळ काढला तर मी माझं नाव काढायला लावीन.’ सांगून झाल्यावर म्हणाल्या, ‘कुटला नळ गं? आपल्यात तर आता घराघरात आलाय.’ मी म्हटलं, सिनेमातला. त्या म्हणाल्या, ‘मग एवडं काय त्याचं.’

‘त्याच्यावर रागावू नकोस’ असं त्या मला सांगत होत्या आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही असं मी त्यांना सांगत होते. असं बराच वेळ चाललं.

मग मी त्यांना शूटिंगचं विचारलं. तू वस्तीतल्या बायकांना हैदराबादला नेलंस हे मला ठाऊकच नव्हतं. मावशींनी सगळं सांगितलं. एसी बसने नेलं, हॉटेलात ठेवलं, गादी इतकी मऊ की काशीबाई खाली चादर टाकून झोपली. सेटवर गेल्या तर हुबेहूब आपली वस्ती, पण मागे सगळीकडे हिरवं कापड.

‘आमाला म्हनाले, वर बगा. आमी बगितलं. वर काय नव्हतं. एक लांब बांबू, आन त्याच्या टोकाला हिरवा चेंडू बांदलेला. एक पोरगा तो बांबू धरून चालत व्हता, आमी चेंडूकडं बगायचं. बाकीच्या हसाया लागल्या. मग दिपू आला.’

‘धम्मदीप काय म्हणाला?’

‘काय नाय. खाली बसला माज्यापाशी, भांड्यांत. म्हनला, आई, वर आपला पोरगा चाललाय. मी म्हटलं, आपला कंचा? तो म्हनला, कुनाचा बी असू दे, आपल्यातला. मग मी बगितलं.’ भाकरी उलटून म्हणाल्या, ‘त्याला म्हटलं, तू सांगतोयस वर कोनतरी हाय, तर असंल.’

एडिटच्या खोलीत बसून मला वाटलं होतं, तू त्यांना अभिनय शिकवलास. आता कळलं काय केलंस ते.

कंपनीला हे सगळं लांब वाटतं, तेही तुला माहीत असायला हवं. प्रज्वल म्हणतो, वरचे लोक म्हणतात की हिरो उडायला लागला की वेग हवा, बायका कशाला. परवा त्यांच्यासमोर बसायचंय.

भाकरी झाली. नंतर लिहीन.

तेजल


बदलापूर, १९ मार्च २०२५

धम्मदीप,

काल बसले. टेबलाच्या त्या बाजूला चौघे होते, या बाजूला मी आणि प्रज्वल. त्यांना माझा कट आवडला. नळ गेला, नाला गेला, भिंत गेली, आणि त्यांच्यातल्या एकाने चक्क आभार मानले. मला ते आभार नको होते. तुझ्या पाठीमागे तुला कापून मिळालेले आभार घरी नेऊन ठेवायचे कुठे.

मग तोच म्हणाला, ‘आता उडणं कमी करू या. बायका एक-दोन ठेवा.’

मी नाही म्हटलं.

‘का?’

‘उडणारा माणूस सगळ्यांनी बघितलाय,’ मी म्हटलं. ‘हा पहिल्यांदा उडतोय हे फक्त त्या बायकांच्या चेहऱ्यांवरून कळतं. त्या काढल्या तर तुमच्याकडे राहतो तारेला टांगलेला नट.’

मग त्यांच्यातली एक बाई म्हणाली, ‘हे तुमचं मत आहे की दिग्दर्शकाचं?’

मी म्हटलं, ‘दिग्दर्शकाचं.’ तुझ्या वतीने बोलायचा मला काय अधिकार आहे, माहीत नाही. बोलले.

ती म्हणाली, ‘मग ऐका. दिग्दर्शकाचं नाव सिनेमावर राहिलं तर त्यांचा एक सीन आम्ही मानतो. त्यांनी नाव काढलं, बोभाटा झाला, तर सिनेमा आमचा. मग आम्ही आमच्या पद्धतीने करू.’

म्हणजे आता तुझ्यावर आहे. तू नळासाठी नाव काढलंस तर नळ परत येणार नाही, आणि उडणंही जाईल. हे तुला अडकवणं आहे हे मला कळतं. मी अडकवत नाहीये, पण त्या खोलीत मी होते, त्यामुळे दोरी माझ्याही हातात आहे.

मला वाटतं तू नाव ठेवावंस. दोन वर्षांपूर्वी मी म्हणाले होते तुझ्यासारख्याने असले सिनेमे करू नयेत. आता तो प्रश्नच मला मोठा वाटत नाही. तुझ्यासारख्याने घाबरत करू नयेत, एवढंच वाटतं. अर्धा सिनेमा तू मजेत केलायस आणि अर्धा माफी मागत. माफीचा भाग मी काढला.

फार दमले आहे रे. त्या खोलीतून बाहेर आलं की उजेडाने डोळे दुखतात.

तेजल


बदलापूर, ३१ ऑगस्ट २०२५

धम्मदीप,

तू नाव ठेवलंस. मला कळवलं नाहीस. प्रज्वलने सांगितलं, सरांचा मेल आला, दोनच शब्दांचा, ‘राहू दे.’ त्यानंतर मी पाच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं काम होतं.

सिनेमा लागला तेव्हा तू पहिल्या खेळाला आला नाहीस. कुठे आहेस ते मावशींनाही माहीत नव्हतं, की माहीत असून सांगत नव्हत्या. मी त्यांना आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन उल्हासनगरला गेले. दिपेशने ओळखीने मधल्या रांगा मिळवल्या. आमच्यामागे शाळेतली पोरं होती, खुर्च्यांना लाथा मारत.

तुला खरं सांगायचं तर त्या उडण्यावर त्यांनी शेवटी संगीत घातलंच. मला शांतता हवी होती. तीन-चार बायका कमी झाल्या. मधेच हिरोचा जवळून चेहरा घातलाय, दात दाखवणारा, तो मी लावलेला नाही. पण बाकी राहिलंय. चप्पल पडते. राख गळते.

तो सीन लागला तेव्हा आपल्या बायका खुर्चीत पुढे सरकल्या. आतापर्यंत त्यांनी फक्त चेंडू बघितला होता. पडद्यावर त्या स्वतः मान वर करतात, आणि पुढच्या शॉटला पोरगा दिसतो. काशीबाई मोठ्याने म्हणाली, ‘अगं बया, हे होतं व्हय.’ मागची पोरं हसली, मग त्यांच्या लाथा थांबल्या. पडद्यावर मावशी हसत होत्या आणि इथे खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, ‘पडंल असं वाटलं गं मला.’

मी म्हटलं, ‘मावशी, हिरो आहे तो. हिरो नाही पडत.’

‘त्याचं नाय म्हनत मी,’ त्या म्हणाल्या.

बाकी तू वाचलंच असशील. कोणी लिहिलं, एक चांगला दिग्दर्शक संपला. कोणी लिहिलं, संथ आहे. पैसे परत येतील एवढा चालला, डोक्यावर घेण्याइतका नाही. डोंबिवलीच्या एका फिल्म क्लबने मला बोलावलं. वेगळी दृष्टी असलेल्या दिग्दर्शकांनी सुपरहिरोचे सिनेमे करावेत का, असा विषय होता. सगळे तुझ्याबद्दल तू वारल्यासारखे बोलत होते. एक जण म्हणाला, त्याने आपल्या मातीचे सिनेमे करायला हवे होते. मी विचारलं, ही माती कुठली होती मग? म्हणाला, ‘नाही, म्हणजे खरी माती.’ मला उठून भांडायचा कंटाळा आला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, करावेत की नाही मला माहीत नाही, पण याला उडणं शूट करता येतं. आणि खाली बसले.

कुठे आहेस, निदान मावशींना सांग.

तेजल


उल्हासनगर, ९ ऑक्टोबर २०२५

धम्मदीप,

काल तू आलास ते बरं झालं. न कळवता आलास, दाढी वाढलेली, आणि दिपेशने तुला गिऱ्हाईक समजून ‘कौनसा पॅकेज?’ विचारलं. मला हसू आलं. तू माझ्या मागच्या खुर्चीत बसलास आणि मी उन्हाळ्यातलं राहिलेलं एक लग्न कापत राहिले. दुपार तशीच गेली.

‘लोहपंख’चा दुसरा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाला दिला हे तू सांगितलंस, तेही पाणी पिता पिता. कंपनीला आता झटपट करणारा माणूस हवाय. म्हणालास, मोठा सिनेमा कोणी देणार नाही, आणि छोटा केला तर सगळे म्हणतील, आला बघा परत शहाणा होऊन.

आणि जाताना दारात विचारलंस, ‘नळाचा सीन खरंच वाईट होता?’ तेवढ्यात नवरीकडची माणसं आली, मी त्यांना बसवायला गेले, आणि परत येईपर्यंत तू जिन्याखाली पोचला होतास. मी हाक मारू शकले असते. मारली नाही.

होता. वाईट होता. पुन्हा पुन्हा बघून सांगते आहे. आणि त्या बाकीच्या सिनेमात तू जे केलंस ते मी आजवर तुझ्याबरोबर कापलेल्या कशाहूनही चांगलं होतं. ही दोन्ही वाक्यं मी तुझ्या तोंडावर बोलू शकले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

लोक शहाणा म्हणतील, मूर्ख म्हणतील. म्हणू दे. उडता माणूस करावासा वाटला तर तो कर, मोरिवलीतली एखादी बाई करावीशी वाटली तर ती कर. दिवाळी होईपर्यंत इथे लग्नं नाहीत, मशीन रिकामं असतं, दिपेशशी बोलून ठेवलंय. फक्त माझ्यासाठी म्हणून काही शूट करू नकोस. मी तशीही बघणारच आहे.

तेजल